टॉवेलाखालचा माउस

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा हेडी होते. बाजारात बैल घ्यायचे, विकायचे आणि दुसऱ्यांचे सौदे जुळवून द्यायचे, हा त्यांचा धंदा. घोडेगाव, काष्टी, खर्डा, जिथं जनावरांचा बाजार तिथं दादा. शाळेत पोरं मला ‘हेड्याची पोर’ म्हणून चिडवायची आणि मी त्यांना धरून बडवायची. दादांचा राग माझ्या वाट्याला आला, आईचा धीर काही आला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी कुणावर खेकसले तर नवल वाटायला नको.

गेल्या साली संक्रांत झाली आणि दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जीभही गेली. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजतं, वाचताही येईल, फक्त बोलता येणार नाही. डावा हात राहिला होता, पण तोही इतका थरथरायचा की पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या उमटायच्या. बाजाराच्या गलक्यात ज्यांचा आवाज चार दावणी पलीकडं ऐकू जायचा, ते दादा आता मिरजगावजवळच्या आमच्या घरात खिडकीशेजारच्या पलंगावर गप्प पडून असायचे. मी नगरला शाळेत शिकवते. शनिवार-रविवार जाऊन यायची, आणि परत येताना एसटीत तोंडावर पदर घेऊन बसायची.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी राहायलाच गेले, कारण दादांनी जेवण टाकलं होतं. आई भाकरी आमटीत कुस्करून, मऊ करून भरवायला बसे. दोन-चार घास ते घेत, मग ओठ घट्ट मिटून भिंतीकडं तोंड करत. गिळायला त्रास नव्हता, तेही तपासून झालं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आईनं ते मनाला लावून घेतलं. शेंगोळी केली, मासवडी केली, गूळ घालून लापशी केली. दादांचं तोंड भिंतीकडंच. चिडावं तर माणूस आजारी, न चिडावं तर ताट तसंच परत जातंय, अशी तिची गत झाली होती.

एके दिवशी भांडी घासता घासता ती मला म्हणाली, “तू शिकल्याली हायस. माजं काय चुकतंय, तेवढं इचार त्यांना.”

विचारणार कसं? होय-नाही मान हलवून कळायचं, पण आपण विचारू त्याचंच उत्तर मिळणार. मीठ कमी आहे का, नाही. तिखट झालं का, नाही. दात दुखतो का, नाही. मी विचारून दमले आणि दादा मान हलवून दमले. मग मी माझ्या मुलीचा जुना टॅब्लेट आणला. बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रांचं एक अ‍ॅप त्यात घातलं, चित्र दाबलं की तो शब्द बोलणारं. पाणी, चहा, भूक, दुखतंय, झोप, अशी चित्रं, आणि खाली शब्द जुळवायला मराठी अक्षरांच्या कळा. मला वाटलं, झालं आपलं काम.

कशाचं काय. दादांचं बोट काचेला टेकायच्या आधी तळहाताची कड टेकायची. ‘चहा’वर जावं तर ‘झोप’ बोलायचं. बोट जरा जास्त वेळ राहिलं की चित्र हलायला लागायचं. एकदा तर ‘पाणी’ काढून टाकायचं का, असं टॅब्लेटनं विचारलं आणि दादांनी चुकून होय करून टाकलं. आम्ही मायलेकी हसलो, दादाही अर्ध्या तोंडानं हसले. पण दुसऱ्या दिवशी असंच कुठंतरी बोट लागलं आणि समोरचा कॅमेरा उघडला. झटका आल्यापासून घरातला आरसा आईनं त्यांच्यासमोरून हलवला होता. दादांनी पहिल्यांदाच आपलं ओघळलेलं तोंड पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी टॅब्लेट कोपरानं असा सारला की तो पलंगाच्या कडेला जाऊन थांबला. त्या दिवशी मला देवाचा फार राग आला.

माउसची कल्पना त्यानंतर सुचली. निकालाच्या कामासाठी मी एक साधा वायरचा माउस वापरायची, तो पिशवीतच होता. तो टॅब्लेटला लावायची बारकी पिन मिरजगावात मोबाईलच्या दुकानात मिळाली. लावल्याबरोबर काचेवर पांढरा बाण उगवला. मी बाण मोठा केला, त्याची चाल मंद केली. माउसवर अख्खा हात विसावला तरी चालतो आणि कळ दाबल्याशिवाय काही होत नाही, हे मला पटलं. आईला एवढंच पटलं नाही की या वस्तूला उंदीर म्हणायचं. घरात त्याचं नाव घेतलं की तो ऐकतो आणि धान्याच्या पोत्याला लागतो, असं तिचं म्हणणं. मग तिनं त्याला ‘मामा’ करून टाकलं. ‘मामा कुटं ठेवलाय,’ ‘मामाची शेपटी गुतली बघ,’ असं सुरू झालं. मला खरे मामा तीन, त्यांच्यात हा चौथा.

पण मामाही रुसला. दादा माउस धरायचे आणि थरथरणाऱ्या हाताकडं बघत बसायचे. तोवर बाण काचेच्या कोपऱ्यात जाऊन दडी मारायचा. मी सांगायची, हाताकडं बघू नका, वर काचेकडं बघा. ते वर बघायचे, की पुन्हा नजर हातावर. मला वाटलं, सवय नाही म्हणून होतंय. शिकवायचा माझा धंदाच. मी पुन्हा सांगितलं, मग जोरात सांगितलं, मग पाचवीच्या वर्गावर ओरडावं तशी ओरडले. दादांनी माउस सोडला आणि डोळे मिटले. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुपचूप सगळं पुन्हा मांडून ठेवलं. मांडीशेजारी पाट, पाटावर माउस, समोर उशीला टेकवून टॅब्लेट. दादांनी माउसवर हात ठेवला. मग हात उचलून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्याचं टोक दातांत धरलं, हात पुन्हा माउसवर ठेवला आणि ते टोक सोडून दिलं. टॉवेल हातावर पसरला. मला वाटलं, पुरे म्हणतायत. मी टॉवेल उचलून बाजूला ठेवला. त्यांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं आणि पुन्हा तसाच ओढून घेतला.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात, बोटं धरून, दाबून, सोडून भाव सांगितला जातो, आणि भोवतीच्या माणसांना काही कळत नाही. हात खाली बोलत असतो आणि नजर समोरच्याच्या तोंडावर असते. हाताकडं बघणारा हेडी नव्हेच. लहानपणी मी दादांच्या टॉवेलाखाली डोकावायला गेले म्हणून धपाटा खाल्लेला आहे. उघड्यावर ठेवलेल्या हाताकडं त्यांची नजर जात होती, कारण तो हात असा उघडा कधी बोललाच नव्हता. आणि त्याची थरथर आम्ही दोघी बघतोय, हेही त्यांना सोसत नसणार.

टॉवेल पडला आणि त्यांची नजर काचेवर गेली. बाण हलला. अडखळत, वळसे घेत, पण ते नेतील तिकडं गेला. तोंडावर तो बाजारातला भाव आला, काही एक न सांगणारा. चित्रांकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बाण सरळ खाली अक्षरांवर नेला. ‘ज’ दाबला. कितीतरी वेळानं ‘व’ दाबला. मग दमून मान मागं टेकवली.

“जव,” मी मोठ्यानं वाचलं.

आई चुलीपासून धावत आली. तिला क्षणात उमगलं. जवस. जवसाची चटणी मागतायत. पूर्वी बाजाराला निघताना फडक्यात भाकरीबरोबर तीच बांधून न्यायचे, आणि झटका आल्यापासून तिखट नको म्हणून तिनं केलीच नव्हती. एवढी साधी गोष्ट कशी सुचली नाही म्हणून तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. लगेच जवस भाजले, लसूण सोलला, मिरची अगदी नावाला घातली आणि उखळात कुटायला बसली. कितीतरी दिवसांनी ती कामात गुणगुणत होती. मीही खूश होते. दादा आमच्याकडं बघत होते, काहीतरी सांगायचं असल्यासारखे, पण आम्हाला कुठली सवड.

संध्याकाळी आईनं चटणी दुधात मऊ केलेल्या भाकरीला लावली आणि घास पुढं केला. दादांनी तोंड भिंतीकडं केलं.

आईनं ताट झाकून ठेवलं, स्वतःसाठी कपभर चहा ओतला आणि उंबऱ्यात जाऊन बसली. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा म्हणाली, “माज्या हाताची चवच गेली बघ. आता त्यांना ते सांगवंना झालंय.”

मी आत आले आणि दादांना जरा घुश्शातच विचारलं, तुम्हाला चटणी नको होती का? त्यांनी मान हलवली, नको. मग जव म्हणजे काय? त्यांनी डोळ्यांनी टॅब्लेटकडं दाखवलं. मी पाट मांडला, माउस ठेवला, टॉवेल मीच पसरला.

या वेळी फार वेळ लागला. मध्ये बाण दोनदा हरवला, एक अक्षर चुकलं, ते पुसलं. मी जिभेच्या टोकावर आलेलं काहीही बोलले नाही, ही माझ्या हिशोबानं मोठी गोष्ट. आधी ‘आदी’ आलं. मी मराठीची बाई. मला वाटलं, आदी म्हणजे इत्यादी, वगैरे. मग ‘तु’ आलं. आणि शेवटी पुन्हा तेच, ‘जव’. एक मात्रेची कळ तेवढी अगदी कडेला होती, ती त्यांना सापडत नव्हती.

आदी तु जव.

मी मनात एकदा वाचलं आणि मग आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. मी तिला वाचून दाखवलं, “आई, ते म्हणतायत, आधी तू जेव.”

तिला कळायलाच वेळ लागला. “म्या? ह्यांच्या आदी?” ती म्हणाली, आणि माझं तिच्याकडं नीट लक्ष गेलं. झंपराची बाही दंडावर ढिली पडली होती. लग्न होऊन आल्यापासून ती दादांच्या आधी कधी जेवली नव्हती. दादा बाजाराहून अपरात्री येवोत, ती थांबायची. आता त्यांना भरवण्यातच संध्याकाळ सरायची, भाकरी वाळून जायची, मग ती चहा पिऊन पडायची. पलंगावरून दादा रोज ते बघत होते. स्वतःचं तोंड मिटून घेणं एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं, म्हणून ते तेवढं करत होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

आई मात्र ऐकेना. असं कुठं असतं का, म्हणाली. नवरा उपाशी आणि बायको जेवतीय, बघणारे काय म्हणतील. दादांनी तिच्या तोंडावरची नजर हलवली नाही. टॉवेल खालून हलला. काचेवर अक्षरं उमटत गेली, जव, मग पुन्हा जव, मग पुन्हा. मी वाचून दाखवायची थांबले, कारण आईनं टॅब्लेटकडं बघायचं सोडून दादांकडं बघितलं होतं.

तिनं झाकलेलं ताट आणलं, त्यात आपली भाकरी घेतली आणि पलंगाशेजारी खाली बसली. भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, आणि नव्या नवरीसारखी तोंड फिरवून खाऊ लागली. दादांनी घशातून एक आवाज काढला. तेव्हा ती वळली आणि त्यांच्याकडं बघत खाऊ लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. अर्धी भाकरी संपली तेव्हा दादांनी तोंड उघडलं. आईच्या तोंडात घास होता, तिला बोलता येत नव्हतं. तिनं तसाच, चावता चावता, दुधातला मऊ घास उचलून त्यांना भरवला.