पाचटावरची शर्यत

भूगोलाच्या बाई रागावल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. इतका, की मागच्या बाकावरची मुलं ऐकू यावं म्हणून श्वास धरून बसायची.

वरवंडजवळच्या आमच्या गावात त्या आठवीला शिकवायच्या. नकाशे पाठ करून घेण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "आधी करून बघा, मग लिहा," म्हणायच्या. बर्फाळ प्रदेशातली कुत्र्यांची गाडी शिकवली, तेव्हा आपणही तशी शर्यत घेऊ म्हणून वर्गानं हट्टच धरला. बाईंनी लगेच कामं वाटली. मोडक्या बाकांच्या फळ्यांना खालून डब्यांचे पत्रे ठोकले. बर्फ म्हणून मैदानावर उसाचं पाचट अंथरायचं ठरलं. ओढणार कोण आणि गाडीवर बसणार कोण, ते चिठ्ठ्यांवर सोडलं.

बसायची चिठ्ठी मला आली. माझ्या गाडीच्या दोराला इतर मुलांबरोबर गावातल्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा आला. मी बौद्ध वस्तीतली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील शाळेत आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. "बाई, माझं पोरगं कुत्रं व्हनार आन् ती वर बसनार? चिठ्ठ्या परत टाका." हेडसर म्हणाले, कार्यक्रमच रद्द करू. बाईंचा आवाज एकदम खाली गेला. "तुमचा मुलगा नको तर नको, आप्पा. त्याच्या जागी मी ओढेन."

घरी वडील म्हणाले, गावाशी वाकडं नको, शाळाच सोड. मी बाईंना गाठून सांगितलं, "बाई, मी न्हाई बसत."

"भीती मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "पण बसायचं की नाही, ते तू ठरव. त्यांनी नाही."

शर्यतीच्या दिवशी आप्पा माणसं घेऊन कुंपणापाशी उभे होते. बाईंनी पदर खोचला, बाकीच्या मुलांबरोबर दोर खांद्यावर घेतला. मी बसले. अर्ध्या वाटेत बाई घसरून गुडघ्यांवर पडल्या. कुंपणापाशी कुणीतरी हसलं. त्या उठल्या आणि पुन्हा ओढू लागल्या. आमची गाडी सगळ्यांच्या मागून पोहोचली. टाळ्या वाजल्या नाहीत. आप्पा माणसं घेऊन निघून गेले.

उन्हाळ्यात संस्थेनं बाईंची बदली शिरूरकडं केली. जाण्याआधी त्या आमच्या घरी आल्या, आईच्या हातचा चहा प्यायल्या. माझ्यामुळं का, असं मी विचारलं. त्या वडिलांकडे वळल्या. "बदली माझी झालीय, हिची नाही. जूनमध्ये हिला नववीत बसवा."

जूनमध्ये वडिलांनी मला सायकलवर मागं बसवून शाळेत नेलं, आणि मी वर्गात जाईपर्यंत फाटकाशी उभे राहिले.