वाटीभर मीठ

हिराजीबाबा दारोदार मीठ मागायचे. ज्या माणसाने चाळीस वर्षं मिठागरात खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढलं, ज्याच्या टाचांच्या भेगांतला पांढरा खार मरेपर्यंत गेला नाही, तो माणूस भर दुपारी हातात स्टीलची वाटी घेऊन लोकांच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "वाटीभर मीठ दे." नवख्या माणसाला हसू यायचं. आमच्या गावात मात्र कुणी हसत नसे. हिराजीबाबा मीठ मागायला आले म्हणजे त्या घरात बाई मार खातेय, हे सगळ्यांना माहीत होतं.

गावाचं नाव सांगत नाही. नायगाव स्टेशनला पूर्वेला उतरून टॉवरांच्या मागे, खाडीच्या अंगाला आहे, एवढं पुरे. नाव छापलं तर आमचे लोक पुन्हा बैठक बोलावतील, आणि बैठका बोलावण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

गावात दोन आळ्या. वरची आणि खालची. मध्ये नाला आणि नाल्यावर दोन माणसं जेमतेम जातील एवढा साकव. खाडीकाठचं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी गावाची खारी जमीन, एका बिल्डरला हवं होतं. खालच्या आळीने सह्या दिल्या, आम्ही वरच्या आळीने नकार दिला. बांधावर काठ्या चालल्या, डोकी फुटली, केसेस झाल्या, पोलिसांची गाडी सहा महिने गावाच्या तोंडाशी उभी राहिली. मग आमच्या आळीची बैठक बसली. आमच्या गावकीचे प्रमुख नाना. त्यांनी ठराव मांडला की खालच्या आळीच्या उंबऱ्यावर आपल्या माणसाने पाय ठेवायचा नाही. लग्नाला नाही, मयताला नाही. ठराव कागदावर आला नाही, कारण असं वाळीत टाकणं गुन्हा आहे हे नानांना चांगलं ठाऊक होतं. सगळ्या पुरुषांनी हात वर केले. हिराजीबाबांनी केला. मीही केला. मी वसईला एका शाळेत कारकून आहे, चार बुकं शिकलेला आहे, त्यामुळे माझा हात जरा लवकरच वर गेला असेल.

हात वर करताना मला माझी धाकटी बहीण आठवली नाही. वनिताला आम्ही खालच्या आळीत दिली होती, या तंट्याच्या कितीतरी आधी. तिचं मागचं दार आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर, मध्ये फक्त नाला. तिचा नवरा दिलीप बांधावरच्या मारामारीत होता. त्याच्या डोक्याला आठ टाके पडले. काठी माझी नव्हती, पण मी तिथे होतो. आता बाहेरच्या शत्रूला हात लावायचा तर पोलीस उभे. घरातल्या शत्रूला कोण विचारतो? ती वरच्या आळीची लेक होती आणि हाताशी होती. "तुज्या भावांनी माजं डोकं फोरलं," असं म्हणत तो तिला मारायचा. आमच्या आळीतही खालच्या आळीच्या लेकी सुना म्हणून होत्या. त्यांनी काही कमी सोसलं नाही. काठ्या पुरुषांनी चालवल्या, आणि त्याचे वळ दोन्ही आळ्यांतल्या बायकांच्या पाठीवर उठले.

त्या वर्षी भाऊबीजेला वनिता मागच्या दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. मी खिडकी लावून घेतली. हे मी कुणाला सांगत नसे. आता लिहितो आहे, कारण हिराजीबाबांबद्दल लिहायचं आणि स्वतःचं झाकायचं, हे जमणार नाही.

होळीनंतरची एक दुपार. शाळेला सुट्टी होती, मी घरीच होतो. नाल्यापलीकडून वनिताची किंकाळी आली. मंदा, माझी बायको, भाजी चिरत होती. ती विळीवरून उठली.

"जा ना वो. तुमची बहीन हाय ती."

"ठराव झालाय," मी म्हणालो.

"मंग मी जातंय."

"तू घरातून हलायचं नाहीस." आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला. हो, वाढवला. शिकलेल्या माणसाने तेवढंच केलं.

मंदा खिडकीशी गेली ती हटली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा चाललंत." मी उठून पाहिलं. साकवावरून हिराजीबाबा चालले होते. अंगात गंजी, खाली अर्धी चड्डी, हातात वाटी. ठराव झाल्यापासून आमच्या आळीचा माणूस त्या साकवावरून गेला नव्हता. ते वनिताच्या मागच्या दाराशी उभे राहिले आणि कडी वाजवू लागले. दार उघडेपर्यंत वाजवत राहिले.

दिलीप बाहेर आला. घामाने डबडबलेला. "बाबा, तुमी हयां कशाला आलाव? तुमच्या आळीची बंदी हाय ना?"

"मना वाटीभर मीठ पायजे."

"तुमाला? मीठ?"

"सरलं."

दारात आलेल्या म्हाताऱ्याला मीठ नाही म्हणायचं, तेही मिठागरांच्या गावात, हे दिलीपच्याने होईना. त्याने आत बघून हाक मारली, "वनिता, मीठ दे गो बाबांना."

"तिला नको बोलवू," हिराजीबाबा म्हणाले. "तू आन. नि तिला इचारू नको."

दिलीप वाटी घेऊन आत गेला. मग डब्यांचे आवाज यायला लागले. एक झाकण, दुसरं झाकण, काहीतरी खाली पडलं. बऱ्याच वेळाने तो वाटी भरून घेऊन आला. हिराजीबाबांनी चिमूट जिभेवर ठेवली.

"ही साखर हाय. परत जा."

तो परत गेला. मुकाट्याने गेला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या फळीवर तो मीठ शोधत राहिला, आणि हिराजीबाबा पायरीवर बसून राहिले. मीठ मिळेपर्यंत त्याचा राग उतरला होता. हिराजीबाबांनी वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आता रिक्षा आन. पोरीच्या कानातून रगत येतंय."

दवाखान्यात ते दोघांबरोबर गेले. वनिताचा डावा कान त्या दिवशी गेला तो गेलाच. आजही कुणी बोलायला लागलं की ती मान वळवून उजवा कान पुढे करते. लोकांना वाटतं, फार लक्ष देऊन ऐकते.

संध्याकाळी बैठक. ठराव मोडला म्हणून हिराजीबाबांना देवळासमोर उभं केलं. बहिणीचा कान फुटला म्हणून कुणाला उभं केलं नाही, हे नीट वाचा. नानांनी विचारलं, "तिकडं का गेलात?"

"मीठ आनाला."

चारजण हसले. नाना हसले नाहीत. "बाबा, नवरा-बायकोचं घरातलं असतं. घरातलं घरात ठेवावं."

तेव्हा हिराजीबाबा जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मी ठेवलं होतं नाना घरातलं घरान. माज्या बायकोला, सोनुबायला मी मारलंय. तुमी समद्यांनी आयकलंय, एक मानूस आला नाय. कालवनान मीठ कमी परलं म्हनून ताट फेकलंय मी तिच्या अंगावर. मंग ती वारली. तिसऱ्या दिशी भात टाकला, नि मीठ गावंना. समदे डबे उघरले. मीठ पिकवन्यान जलम गेला माजा, नि माज्या घरान मीठ कुटं असतं ते मना म्हाईत नाय! आलनी भात खाल्ला. तवा समजलं, मी त्या घरान पावना होतो. पावन्यानं घरच्या बाईवर हात टाकावा?"

नानांनी हिराजीबाबांनाही वाळीत टाकलं. हात वर करा म्हणाले. मी या वेळी हात वर केला नाही, पण उठून काही बोललोही नाही. लोक याला तटस्थपणा म्हणतात. माझ्याकडे त्याला दुसरा शब्द आहे, तो इथे छापता येणार नाही.

वाळीत पडलेल्या म्हाताऱ्याला एक सोय झाली. त्याला आता कुठल्याच आळीची बंदी उरली नाही. जिथून आवाज येईल तिथे तो वाटी घेऊन जाऊ लागला. उपदेश एका शब्दाचा नाही. पुरुषाने मीठ शोधायचं, आणून द्यायचं, मग पायरीवर बाबांशेजारी बसायचं. कुणी आपली बाजू मांडायला लागला की म्हणायचे, "मना ग्यान नको सांगू, मीठ आन." एकाने वाटी हिसकावून त्यांच्या कपाळावर मारली. वाटीला पोचा आला, कपाळाला खोक. दुसऱ्या दिवशी पोचा आलेली तीच वाटी घेऊन ते त्याच दारात उभे होते. "हातान वाटी आसली का त्या हातानं मारता येत नाय," म्हणायचे. मी एकदा म्हटलं, बाबा, दुसरा हात असतोच की. म्हणाले, "दुसऱ्या हातानं झाकन उघराचं असतं."

त्यांच्याकडे जायला मला तीन महिने लागले. गेलो आणि म्हणालो, मलाही तुमच्याबरोबर यायचं आहे. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी वाटी पुढे केली. "आदी तुज्या घरातलं आन. मंदाला इचारू नको."

मी माझ्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. बावीस वर्षांचा संसार. मंदा दाराला टेकून बघत होती. मी डाळीचे डबे उघडले, पिठाचा उघडला, मसाल्याचा उघडला. शेवटी चिडून तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "सोदा. वनिता पन तवा खिरकीकरं बघत होती, कोन येतं का." मीठ शेगडीमागच्या कोनाड्यात होतं, चिनी मातीच्या बरणीत. ती बरणी माझ्या आईची.

त्यानंतर आम्ही पाच-सहाजण झालो. माझ्याखेरीज एक रिक्षावाला, भजनात पखवाज वाजवणारा एक, खालच्या आळीतले दोघे. ते आमच्या आळीत वाटी घेऊन यायचे, आम्ही त्यांच्या. सगळी घरं थांबली असं मी म्हणणार नाही. काही नुसती जास्त हुशार झाली, आवाज बाहेर येऊ देईनाशी झाली. दिलीप आता हात उचलत नाही. लोक मला कौतुकाने सांगतात, तुझा मेव्हणा सुधारला हो. सुधारला म्हणजे काय? मारत नाही. याचं कौतुक? मीही रोज कितीतरी लोकांना मारत नाही, मला कुणी शाल-नारळ देत नाही.

मग व्हायचं ते झालं. बिल्डरने सुधारलेला प्रस्ताव आणला आणि वरच्या आळीनेही सह्या दिल्या. सगळ्यात आधी नानांनी. बंदी कधी उठली ते कुणाला कळलंसुद्धा नाही. नानांनी आणि खालच्या आळीतर्फे दिलीपच्या चुलत्याने एकमेकांना पेढा भरवला, फोटो निघाले. ज्यांची डोकी फुटली होती त्यांच्या केसेस मिटल्या. वनिताच्या कानाचा उल्लेख कुठल्याच कागदात नव्हता. ज्या जमिनीपायी भावाने बहिणीवर खिडकी लावली, ती जमीन दोन्ही आळ्यांनी मिळून विकली. आता तिथे टॉवर आहे, आणि त्याच्या जाहिरातीत खाडीकाठचं शांत जीवन असं लिहिलंय.

हिराजीबाबा या थंडीत गेले. झोपेतच गेले. उशाशी वाटी होती, ती मी घरी नेऊन ठेवली. तेराव्यानंतर गावाने हॉलमध्ये शोकसभा ठेवली. मोठा बॅनर, त्यावर बाबांचा फोटो, खाली 'नारीसन्मानाचे शिल्पकार', आणि बाजूला नानांचा हात जोडलेला फोटो, बाबांपेक्षा मोठा. ज्यांनी वाळीत टाकलं ते पहिल्या रांगेत. ज्याने वाटी कपाळावर मारली त्याने हार घातला. नाना माइकवर म्हणाले, "बाबांच्या या कार्यात संपूर्ण गाव पहिल्यापासून त्यांच्या पाठीशी खंबीर उभं होतं."

माझं डोकं सटकलं. मी उठलो. बाबांची वाटी माझ्या पिशवीत होती, ती घेऊन माइकपर्यंत गेलो आणि नानांसमोर धरली.

"नाना, तुमच्या घरात मीठ कुठे असतं?"

त्यांना वाटलं, मला गहिवरून आलंय. खांद्यावर हात ठेवायला लागले. मी पुन्हा विचारलं. मग हॉलकडे वळून सगळ्या पुरुषांना विचारलं. माइक चालू होता. पहिल्या रांगेतल्या एकाने मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. नाना मागे बायकांच्या खुर्च्यांकडे बघायला लागले, आपल्या बायकोकडे. ती मान खाली घालून बसली होती. तिने सांगितलं नाही. मी म्हणालो, "बाबांच्या पाठीशी कोणी नव्हतं. मीही नव्हतो. मी टीव्ही मोठा केला होता." आणि बॅनर फाडला. नानांचा फोटो होता तो अर्धा भाग.

बाहेर आलो तेव्हा आत कुठेतरी बरं वाटत होतं. वनिता माझ्यामागून आली. मला वाटलं, ती रडेल, माझा हात धरेल. तिने मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला, मी काही बोलतोय का ते बघितलं.

"चांगला बोललास दादा," ती म्हणाली. "पन तू तवा आला असतास, तं मना दोन्ही कानांनी आयकाला आलं असतं."

तिने माझ्या हातातली वाटी घेतली, पदराने पुसली आणि साकवावरून घरी घेऊन गेली. मी मागितली नाही.