सहाव्या फेडरखालची चिकटपट्टी

मधू गेल्याचं मला कंपू मोहल्ल्यातल्या पिठाच्या चक्कीवर कळलं. गहू तराजूत होते. त्याच्या मुलीचा, अलकाचा, फोन आला, "शंकरकाका, पप्पा नहीं रहे…" आणि मी फोन खिशात टाकून चक्कीवाल्याला म्हणालो, बारीक दळ. असं का म्हणालो, ठाऊक नाही. पाच आठवडे झाले, त्या पिठाची पोळी अजून नीट घशाखाली उतरत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. पण शोकसभेत जे ऐकलं त्याची शिसारी आली, म्हणून लिहितो. ज्यांनी त्याच्या खोलीचा जिना कधी चढला नाही ते माईक धरून सांगत होते, मधुकरराव सगळ्यांना सारखं मानत. मागे चहाचे कप वाजत होते. माईक असा लावलेला की दर वाक्याला शिट्टी. चाळीस वर्षं मी इंदरगंजातल्या दुकानातून लाउडस्पीकर भाड्याने दिले, आणि माझ्याच दोस्ताच्या शोकसभेत शिट्टी ऐकत खाली मान घालून बसलो. मधू असता तर उठून गेला असता. सगळ्यांना सारखं मानणारा तो नव्हताच. बेसूर माणूस त्याला सोसत नसे, भाजीवाल्याची हाकही त्याच्या दाताखाली खड्यासारखी यायची.

त्याची रेकॉर्डिंगची खोली होती. दुकानांच्या जाहिराती, शाळांचे कार्यक्रम, देवीची भजनं. पुढे सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि त्याच वेळी मधूच्या डोळ्यांत साखर उतरली. पडद्यावरच्या बारीक रेघा दिसेनात, माऊसचा बाण सापडेना. मग अलकाने दिल्लीहून एक पाटी मागवली. तिच्यावर आठ सरकती बटणं, मधू त्यांना फेडर म्हणायचा. त्याने प्रत्येकाखाली दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून जाड पेनाने नावं लिहिली. बोट ठेवायचं, वर सरकवलं की तो आवाज मोठा, खाली ओढलं की लहान. हाताची ती हालचाल कॉम्प्युटर लक्षात ठेवायचा आणि गाणं परत लावलं की बटणं आपोआप तशीच वरखाली पळायची.

मला ती पाटी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. तो जेवायला गेला असताना मी स्क्रू काढून आत पाहिलं. आवाजाची एकही तार नाही. कॉम्प्युटरला जाणारी एक केबल, बस. भजनाच्या सगळ्या मंडळींसमोर मी सांगितलं की मधूला कुणीतरी टोपी घातली, यातून आवाज जातच नाही. तो चिडला नाही. म्हणाला, "आवाज नाही जात, शंकर. माझा हात जातो." मला ते फालतू वाटलं.

आमचं सहा जणांचं गुरुवारचं भजन. सहा वर्षांपूर्वी मधूने ते रेकॉर्ड केलं. एकेकाला आत बसवून, कानाला हेडफोन लावून. सहा आवाज, पेटी आणि तबला, असे आठ फेडर. पाचव्यावर विष्णू, सहाव्यावर मी. प्रत्येकाला पेन ड्राइव्ह मिळाला. दुसऱ्या कडव्यात एक भरदार आवाज खालून उचलतो. तो मी, हे मी सुनेला सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, दात काढणाऱ्या डॉक्टरला तोंड उघडं असताना सांगितलं. शोकसभेत तेच भजन लावलं, तेव्हा शेजारी बसलेल्या विष्णूला कोपर मारून म्हणालो, ऐक, हा मी. विष्णू आपल्या चपलांकडे बघत राहिला. मला वाटलं रडतोय.

दुसऱ्या आठवड्यात मी अलकाकडे गेलो. म्हटलं, त्यातून माझा एकट्याचा आवाज काढून दे, माझ्या शोकसभेत वाजवायचा आहे. तिथे भाषणं नकोत, माझा गळा हवा. ती टाळू लागली. आधी चहा, मग मुरारला जायचंय, मग मशीन खराब आहे. मी खुर्चीवरून उठलो नाही. शेवटी तिने पाटी सुरू केली.

खर्रकन आवाज करत सात फेडर वर गेले. सहावा तळाशीच. दुसरं कडवं आलं, तो भरदार आवाज उचलला, तेव्हा पाचवा फेडर वर चढत होता. पाचवा, म्हणजे विष्णू. माझा जागचा हलला नाही.

मी अलकाकडे पाहिलं. ती म्हणाली, "काका, सबको पता था… पप्पांनी शपथ घातली होती."

सहा वर्षं. सहा वर्षं हे लोक माझ्याबरोबर मांडीला मांडी लावून बसले. मी सहाव्यावर बोट ठेवून तो वर ढकलला. आणि मला माझा आवाज ऐकू आला… पहिल्यांदा. तुटक्या भोंग्यासारखा, सुराच्या शेजारून जाणारा, वर त्यातही ऐट. आपल्याच तोंडाचा वास आपल्याला यावा, तशी किळस आली. बोट काढलं, फेडर आपोआप खाली जाऊन बसला. पुन्हा वर नेला, पुन्हा तो खाली. मधू जिवंत असताना माझ्याशी कधी भांडला नाही, आणि आता माझ्या बोटाला बोट भिडवून हटत नव्हता. मी त्याला मोठ्याने शिवी दिली. तोंडावर सांगायचं होतंस. दया करतोस होय माझ्यावर.

भजन शेवटाला आलं. देवाचा जयघोष, तिथे सुराचं काम नाही. सहावा फेडर एकदम उठला आणि सगळ्यांच्या वर जाऊन थांबला. माझी आरोळी खोलीभर झाली. मग तो परत खाली आला.

राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. पण माझी अट मी सोडलेली नाही. अलकाला सांगितलं, माझ्या शोकसभेत सहावा पूर्ण वर, बाकी सगळे खाली. ज्याला कान दाबायचे त्याने दाबावेत. ती म्हणाली, "काका, हात सोडला की तो खाली येईल. हवं तर पप्पांची ती हालचाल डिलीट कर देती हूँ, मग नाही येणार."

मी चिकटपट्टीकडे पाहिलं. 'शंकर' लिहिताना त्या आंधळ्याची रेघ फेडरच्या खाचेत घसरली आहे.

"पुसायचं काही नाही," मी म्हणालो. "तू धरून बस."