सर, माझी बारी राहिली

सहा वर्षांपूर्वी मी एका कागदावर खोटी खूण केली, आणि पुढे त्या खुणेवर बोट ठेवून मला सरळ विचारलं गेलं तेव्हा ती खरी असल्याचं सांगितलं. एवढं एक वाक्य वाचकांसमोर लिहायला मला सहा वर्षं लागली. या सदरात वाचक आपले विलक्षण अनुभव लिहितात. माझ्यापाशीही तसा एक आहे. पण तो आधी सांगितला तर तुम्ही त्यात गुंताल आणि माझ्या अपराधाकडे जरा सौम्यपणे पाहाल, अशी मला भीती वाटली. म्हणून क्रम हा असा.

मी व्यवसायाने डॉक्टर, वय छप्पन्न. जन्म, शिक्षण, नोकरी सगळं उज्जैनचंच. आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात कारकून होते. कागद नीट ठेवणं हा आमच्या घराण्याचा अभिमान. देवळांच्या या गावात आयुष्य गेलं, तरी भूत, बाधा, संकेत यांवर मी कधीही विश्वास ठेवला नाही. अंगात आलेल्या बायकांची रक्तातली साखर तपासणारा माणूस मी... आणि आजही, हे लिहिताना, मी तसाच आहे असं मला वाटतं.

गेली बारा वर्षं मी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात आहे. खेड्यांतल्या उपकेंद्रांवर बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाई आमच्याकडे शिकायला येतात. त्यांना शिकवायच्या गोष्टींत एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची : जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं. बाळाच्या तोंडा-नाकावर मास्क घट्ट बसवायचा, मान योग्य तितकीच मागे न्यायची आणि रबरी बॅग दाबून श्वास द्यायचा. हे ऐकून येत नाही, पाहूनही येत नाही. हाताला शिकावं लागतं. त्यासाठी रबराची एक बाहुली असते. मास्क नीट बसला तर तिची छाती वर येते, नाहीतर नाही.

आमच्या केंद्रात एक रीत होती. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या मरियम सिस्टरनी ती घालून दिली होती. त्या मूळच्या केरळच्या, पण तीस वर्षं उज्जैनीत काढलेल्या, आणि शिकवण्यात माझ्याहून कितीतरी सरस. बाहुली टेबलावरून उचलायची नाही. आधीच्या बाईने ती पुढच्या बाईच्या हातात द्यायची, खरं मूल देतात तशी, मानेखाली हात धरून. प्रत्येकीने छाती वर आणून दाखवली की मी यादीत तिच्या नावापुढे, ‘करून दाखवले’ या रकान्यात, खूण करायची. खाली माझी सही.

त्या वर्षी भोपाळहून आलेल्या वेळापत्रकात प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस श्रावणातला सोमवार होता. उज्जैनचा माणूस असं वेळापत्रक कधीच करणार नाही. श्रावणी सोमवारी इथे शाळांनाही सुट्टी असते. दुपारनंतर महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, निघते, रस्त्यांवर अडथळे लागतात, बसेस कुठून कुठे वळवतात याचा पत्ता नसतो. महिदपूर-तरानाकडच्या बायकांची सकाळपासून चुळबुळ चालली होती. घाई त्यांना होतीच, पण खरी घाई मला होती. पुण्याहून माझी मेहुणी सहकुटुंब आली होती. सवारीच्या वाटेवर, ओळखीच्या एका घराच्या गच्चीवर मी त्यांच्यासाठी जागा सांगून ठेवली होती आणि तिथे मीच त्यांना घेऊन जायचं असं मिरवून सांगितलं होतं.

दीड वाजता मी म्हणालो, “चलिए, हो गया. बाकी सब को आता ही है.”

पाच-सहा जणी राहिल्या होत्या. त्यांतल्या एकीनेच हात वर केला. निर्मलाताई. आमच्याच मराठी समाजातल्या. फ्रीगंजमधल्या मराठी मंडळींच्या गणपतीत दरवर्षी आरतीला भेटणाऱ्या. चाळिशीच्या, हसऱ्या, जरा हळू बोलणाऱ्या.

“सर, माझी बारी राहिली.” आमच्या इकडच्या मराठीत पाळीला बारीच म्हणतात.

“अहो ताई, इतकी बाळंतपणं केलीत तुम्ही! तुम्हाला मी काय शिकवू? आता महाकालालाच थांबवता का?” मी म्हणालो, आणि सगळ्यांना कळावं म्हणून तेच हिंदीत पुन्हा सांगितलं.

खोलीभर हसू उसळलं. मागून कोणीतरी म्हणालं, “दीदी, बाबा की सवारी लेट करवाओगी क्या?” निर्मलाताईही हसल्या, ओशाळून. मग हात खाली घेऊन बसल्या. बाहुली त्यांच्या अगदी शेजारच्या बाईच्या मांडीवर होती. मरियम सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या. मी यादीकडे पाहत राहिलो आणि राहिलेल्या सगळ्या नावांपुढे एका ओळीत खुणा करून टाकल्या.

सवारी छान दिसली त्या दिवशी. मेहुणी अजूनही आठवण काढते.

त्या हिवाळ्यात निर्मलाताईंच्या उपकेंद्रात एक बाळ जन्मलं आणि रडलं नाही. त्यांनी मास्क लावला, बॅग दाबली. छाती वर आली नाही. पुन्हा बसवला, पुन्हा दाबली. गाडी येईपर्यंत त्या दाबतच राहिल्या. बाळ वाटेत गेलं.

त्यांनी माझ्यासमोर त्या दिवशी दहा वेळा सराव केला असता तर ते वाचलं असतं का? मला माहीत नाही. डॉक्टर म्हणून सांगतो, काही बाळं सगळं नीट करूनही वाचत नाहीत. पण या वाक्याचा आधार घेण्याचा हक्क मी गमावलेला आहे.

चौकशी झाली. निर्मलाताईंनी सांगितलं, “माझ्याकडून करून घेतलं गेलं नव्हतं.” अधिकाऱ्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली.

“डॉक्टर साहब, ये साइन आपके हैं?”

“जी.”

“इन्होंने करके दिखाया था?”

निर्मलाताई समोरच्या खुर्चीवर होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या वाट पाहत होत्या... शाळेत बाई हजेरी घेत असताना आपलं नाव आता येईल म्हणून मुलं पाहतात, तशा.

“जो काग़ज़ पर है, वही सही है,” मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. त्यांना बाळंतपणाच्या कामातून काढलं आणि दुसऱ्या केंद्रात नोंदी भरायला बसवलं. जुन्या गावात बायका एकमेकींना सांगत, इनके हाथ से बच्चा गया है. पुढच्या वर्षीपासून त्या गणपतीत आरतीला येईनाशा झाल्या. बायकोने मला विचारलं, “अहो, निर्मलाताई दिसत नाहीत हल्ली?” मी म्हणालो, “बदली झाली वाटतं.”

आता तो अनुभव.

चौकशीनंतरच्या पहिल्याच प्रशिक्षणात मी नेहमीप्रमाणे प्रात्यक्षिक द्यायला उभा राहिलो. मास्क बसवला, बॅग दाबली. छाती वर आली नाही. मान सरळ केली, पुन्हा दाबली. नाही. बायका हसू लागल्या. मरियम सिस्टर पुढे आल्या, माझ्या हातातून बाहुली रीतसर मानेखाली हात धरून घेतली, आणि त्याच मास्कने, त्याच बॅगने पहिल्याच दाबात छाती वर आणली.

“सर, बेबी आपसे नाराज़ है,” त्या म्हणाल्या. गंमतीतच.

मी दुसरी बाहुली मागवली. मग दुसरी बॅग, नवा मास्क. इतर सगळ्यांच्या हातात तिची छाती वर येई, माझ्या हातात नाही. तुम्ही म्हणाल, मनावर ताण होता, हात कापत असेल, मास्क सैल बसत असेल. मीही हेच म्हणालो. पण मास्क सैल असला की कडेने हवा सुटते आणि फुसफुस ऐकू येते. वाट बंद असली तर जादा हवा सोडणारी झडप शीळ घालते. माझ्या हातात यांपैकी काहीच होत नसे. बॅगच दाबली जात नसे. मऊ रबराची ती बॅग माझ्या मुठीत दगडासारखी घट्ट होई.

एकदा, सगळ्या बायका चहाला गेल्या असताना, मी मरियम सिस्टरना माझ्या हातावर हात ठेवून दाबायला सांगितलं. त्यांनी दाबलं. मग दोन्ही हातांनी दाबलं. त्यांचा चेहरा बदलला. “आप हाथ निकालिए,” त्या म्हणाल्या. मी काढला, आणि त्यांच्या तळव्याखाली बॅग एकदम बसली, छाती वर आली. त्यांनी गळ्यातला क्रूस हातात धरला.

“सर, उस दिन निर्मला की बारी...” त्यांनी सुरुवात केली.

“चाय ठंडी हो रही है, सिस्टर,” मी म्हणालो.

त्यापुढची सगळी प्रात्यक्षिकं त्यांनीच दिली. मी फळ्यावर आकृत्या काढल्या. ‘सरांच्या मनगटाला त्रास आहे’ असं सगळे समजत, आणि मी समजू दिलं.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी मी विसरलेला चष्मा आणायला केंद्रात गेलो. सुट्टी होती. सकाळचे अकरा वाजले असतील; खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. बाहुली टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली होती, बॅग आणि मास्क भिंतीवरच्या खुंटीला. मी चष्मा लावला आणि निघायचं सोडून त्या टेबलापाशी बसलो. का बसलो, ते आजही सांगता येणार नाही. दूर कुठेतरी सवारीच्या तयारीत कोणी ढोल वाजवून पाहत होतं. पाच वर्षांत जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते माझ्या तोंडून मोठ्याने निघालं –

“निर्मलाताईंची बारी मी घेतली नव्हती.”

फडकं वर उचललं गेलं. एकदाच. छाती भरून येते तितकं, आणि मग खाली बसलं.

पंखा बंद होता. खिडकीची तावदानं लावलेली होती. बॅग खुंटीवर होती. मी फडकं काढलं, बाहुली उघडून आतला हवेचा फुगा पाहिला. तो रिकामा होता. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, दोनदा, तीनदा. काही झालं नाही. खुंटीवरची बॅग घेऊन दाबून पाहिली... दगड.

तेव्हा मला एवढंच समजलं की मी चुकीच्या ठिकाणी बोलत होतो.

त्याच आठवड्यात मी वरिष्ठांना लेखी कबुली दिली. घरी बायकोला सांगितलं, तिने बराच वेळ हातातलं धान्य निवडलं आणि म्हणाली, “बदली झाली म्हणालात तुम्ही मला.” माझ्यावर कारवाई सुरू झाली, ती अजून चालू आहे, आणि ती योग्य आहे. निर्मलाताईंचं प्रकरण पुन्हा उघडलं गेलं आणि त्यांना प्रशिक्षण नव्याने देऊन पुन्हा बाळंतपणाच्या कामावर घ्यावं, असा आदेश निघाला.

बाहुली पुरवणाऱ्यांचा माणूस मध्यंतरी आला होता. त्याने सगळे भाग सुटे केले, जोडले आणि म्हणाला, “इसमें तो कोई खराबी नहीं है, सर.” मरियम सिस्टर प्रार्थना हे उत्तर मानतात. मी मानसशास्त्राची पुस्तकं उघडून बसतो, पण रिकाम्या खोलीत उचललेलं फडकं एकाही पुस्तकात बसत नाही. त्यानंतर मी बाहुलीला हात लावलेला नाही, त्यामुळे ती आता माझ्या हातात श्वास घेईल की नाही, हेही मला माहीत नाही.

निर्मलाताई नव्या तुकडीत आल्या त्या दिवशी माझं शिकवण्याचं काम काढून घेतलेलं होतं. मी परवानगी मागून मागच्या भिंतीशी उभा राहिलो. त्या पार बदलल्या होत्या. केस पांढरे, हसू नाहीच. मरियम सिस्टरनी यादी बाजूला ठेवली आणि पहिलं नाव त्यांचं घेतलं.

निर्मलाताई उठल्या. मी पुढे गेलो. त्यांनी मला पाहिलं आणि जुन्या सवयीने पदर सावरत म्हणाल्या, “सर, तुम्ही बसा ना. उभे का?”

“नाही ताई. आज मी उभाच राहतो.”

त्या सोमवारी त्यांचं हसू सगळ्यांसमोर झालं होतं आणि सगळ्यांना कळेल अशा भाषेत झालं होतं. म्हणून मी आधी खोलीकडे वळून, काहीही न वगळता, सगळं हिंदीत सांगितलं : सोमवार, गच्ची, खुणा, चौकशीतलं उत्तर. मग मी त्यांच्याकडे वळलो.

“निर्मलाताई, त्या दिवशी तुमची बारी राहिली होती. तुम्ही खरं सांगत होतात, तेव्हाही आणि चौकशीतही. खोटं मी बोललो. लोकांनी तुमच्या हाताला दोष दिला आणि मी तो देऊ दिला. चूक माझी होती, ताई. मला क्षमा करा.”