कमी प्रेशर मागणारा माणूस

हिम्मतरावांनी पाणी खात्यात एकतीस वर्षं काढली आणि त्या एकतीस वर्षांत लोकांकडून एकच वाक्य ऐकलं, प्रेशर नाही. त्यांचंही उत्तर ठरलेलं, दोन दिवसांत येईल. असा माणूस आता कोठी बाजारातल्या एका दुकानात उभा राहून पाण्याचं प्रेशर कमी करायचा रेग्युलेटर मागत होता. केलेलं इथंच फेडायचं असतं, दुसरं काय!

त्याचं झालं असं. त्यांच्या बायकोचे, त्रिवेणीबाईंचे, गुडघे गेलेले. वाटेतल्या बाथरूमच्या नुसत्या विचारानं अंगावर काटा, म्हणून सहा वर्षांत नांदेडला सख्ख्या बहिणीकडे, अलकाकडे, जाणं नाही. मग निवृत्तीनंतर हिम्मतरावांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आत पलंग, शेगडी, कमोड, शॉवर बसवून बायकोसाठी चालतं घर केलं. पहिल्याच फेरीत शहराबाहेरच्या एका शेतावर त्यांनी ऐटीत गाडीचा पाईप बोअरच्या नळाला जोडला. मोटर सुरू झाली, पलंगाखालचा जोड फटकन निघाला आणि गादीचं तळं झालं. हिम्मतरावांना पाण्यातलं काही कळतं, हा समजही त्यातच वाहून गेला. त्रिवेणीबाईंनी शांतपणे सांगितलं, पुन्हा असं झालं तर या गाडीत पाय ठेवणार नाही.

दुकानदार खालिदभाईंनी आधी पंख्याचा रेग्युलेटर दाखवला, मग गॅसचा. पाण्याचा म्हटल्यावर पाणी जोरात ढकलणारी मोटर पुढे केली. कमी करायचंय हे ऐकून ते हिम्मतरावांकडे काळजीनं बघायला लागले.

"पानी कम आना बोलके कौन पैसे देता साब?"

शेवटी माळ्यावरून दोन डब्या निघाल्या. एकीत प्लास्टिकचा, प्रेशर कारखान्यातूनच ठरवून दिलेलं, लावा आणि विसरा. दुसरीत पितळी, वर काटा, बाजूला स्क्रू, हवं तेवढं कमीजास्त करा. अक्कल असलेल्या माणसानं पहिला घेतला असता. हिम्मतरावांना काटा दिसला, नोकरी आठवली, आणि त्यांनी पितळी घेतला.

दिलसुखनगरला घराच्या दारात गाडी उभी करून, रेग्युलेटर लावलेला पाईप घरच्या नळाला जोडून ते स्क्रू फिरवत बसले. दोन किलो प्रेशर ठेवावं? न जाणो, पुन्हा जोड निघाला तर? दीड. एक. गादी आठवली की स्क्रू आणखी सैल, असं करत काटा जवळजवळ शून्याला टेकला. वर खात्याची सवय, बसवलं की सील करायचं, कोणी हात लावायला नको. स्क्रूवर त्यांनी असं सील थापलं की आता त्यांनाच छिन्नी लागली असती.

चाचणी म्हणून त्रिवेणीबाई साबण लावून गाडीतल्या शॉवरखाली उभ्या राहिल्या. दोन थेंब आले, मग तेही बंद. आतून आवाज आला, "अहो, प्रेशर नाही."

"दोन दिवसांत येईल," हिम्मतरावांच्या तोंडून निघून गेलं.

जीभ चावली, पण उशिरा. नांदेड गेलं, गाडी गेली, आता विकायची जाहिरात कुठे द्यावी, इथपर्यंत त्यांचं मन पोचलं. तेवढ्यात त्रिवेणीबाईंनी बादली मागितली. त्यांनी पळत जाऊन दिली.

आंघोळ करून बाहेर आल्यावर त्रिवेणीबाईंनी आधी पलंगाखाली हात घालून बघितलं. कोरडं होतं.

"लग्नापासून पाणी खात्यातल्या माणसाच्या घरात मी बादलीनंच आंघोळ करतेय," त्या केस पुसत म्हणाल्या. "ती बादली गाडीतच ठेवा. अलकाला फोन करते, बुधवारी येतो म्हणून."