चढायलोय, येसूबाबा

मृत्यूपुढे सगळी माणसं एका पातळीवर येतात, असं किसन वायरमनच्या शोकसभेत सांगण्यात आलं. सांगणारे स्टेजवरच्या सोफ्यावर होते, ऐकणारे सतरंजीवर. किसन धाडसी होता, धार्मिक होता, गावासाठी झिजला, अशी तीन भाषणं झाली. हे धाडस त्यानं कुठून आणलं, यावर कुणी बोललं नाही. मला ते माहीत होतं, आणि मीही बोललो नाही... त्याला जाऊन आता दीड महिना झाला.

किसन आणि मी ताडकळसच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे मी मास्तर झालो, तो वायरमन. चाळिशीपर्यंत तो खांबावर असा चढायचा, की बघणाऱ्याला चक्कर यावी. मग एका दुपारी त्याचा जोडीदार दुरुस्तीला वर चढलेला असताना कुणीतरी सप्लाय सुरू केला. किसन खाली शिडी धरून उभा होता. पुढचं त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही अर्धंच. तेव्हापासून खांबाला हात लावला की त्याला घाम फुटायचा, हात कापायचे. दर्ग्यात धागा बांधून झाला, परभणीच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, एका महाराजांनी तर खांबाचीच शांती करायला सांगितली. मी त्याला मनाच्या आजारांवरची दोन पुस्तकं दिली. ती त्यानं प्रामाणिकपणे परत केली.

एका रविवारी पिंगळीला तो एका बाईंच्या घरचा फ्यूज बसवायला गेला आणि तो साधा फ्यूज त्याला बसवता येईना. बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. स्टेशनच्या मागं पत्र्याचं घर, पुढच्या खोलीत आठ-दहा ख्रिस्ती माणसं प्रार्थनेला जमलेली. सिस्टरनी त्याच्या हातात चहा दिला आणि म्हणाल्या, “भेव वाटायलंय तर वाटू द्या. बसा घडीभर.” तोवर सगळ्यांनी त्याला भिऊ नकोस असंच बजावलं होतं. भिण्याची परवानगी पहिल्यांदाच मिळाली. तो बसला, आणि पुढं सतरा वर्षं दर रविवारी तिथं जाऊन बसत राहिला.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. चार-पाच महिन्यांनी एका सकाळी तो माझ्या घरासमोरच्या खांबाशी उभा दिसला. डोळे मिटून म्हणाला, “येसूबाबा, चढायलोय बरं का. ध्यान असू द्या.” आणि चढला. खाली आल्यावर मी विचारलं, “काय रे, तुझा येसू सप्लाय बंद करतो का?”

“न्हाई मास्तर. सप्लाय मीच बंद करून येतो. दोनदा बघतो.”

“मग त्याचा उपयोग काय?”

“वर एकटं वाटत न्हाई.”

यावर माझ्याकडे एक चांगलं उत्तर आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता ते आठवत नाही.

गावानं आपल्या परीनं दखल घेतली. मिशननं त्याला मोटारसायकल दिल्याची बातमी पसरली. ती मोटारसायकल तो दहा वर्षं आधीपासून ढकलत होता. गणपतीच्या आरतीचं बोलावणं बंद झालं. मंडपातली लाइट गेली की मात्र बोलावणं यायचं. तो जायचा, जोडून द्यायचा, प्रसाद मिळाला तर खायचा. मला लोकांचा राग यायचा. त्याला येत नसे, म्हणून मग त्याचाही यायचा.

शेवटी किडन्या गेल्या. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. थोरले भाऊ बापूराव यांच्या घरात तो अंथरुणाला खिळून होता. भेटायला गेलो तर चेहरा असा निवांत, की आजारी मीच वाटावं. म्हणाला, “मास्तर, एक काम हाय. मला जाळू नका, पुरा. सिस्टर येतील, त्यांला दोन शब्द म्हणू द्या. दादा माझं ऐकायचा न्हाई, तुझं ऐकल.” मी हो म्हटलं. “नक्की?” “नक्की.” “मग झालं,” म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तीन दिवसांनी तो गेला. पिंगळीहून सिस्टर आणि चौघं जण ऑटोनं आले. सिस्टरनी पाच मिनिटं मागितली. बापूराव म्हणाले, “आपल्यात तसलं न्हाई. आपल्यात पुरत बी न्हाईत.” मागून कुणीतरी म्हणालं, “लिंगायतात पुरतेतच की.” “त्येंचं येगळं,” बापूराव म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “मास्तर, तुमी त्याचे दोस्त. किसन काई बोलला होता का तुमच्यापाशी?”

अंगणात शे-दीडशे माणसं असतील. सगळी माझ्याकडे बघत होती. देवाला, बाबाला, महाराजाला मी जन्मात कधी भ्यालो नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी निघाली. “नाही,” मी म्हणालो. “माझ्यापाशी काही बोलला नाही.”

तिरडी उचलली गेली. सिस्टर भिंतीला लागून डोळे मिटून उभ्या होत्या, ओठ हलत होते. माणसं पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता विचारतील. म्हणाल्या, “पाणी प्या, मास्तर. हात कापायलेत तुमचे.”

तेव्हा तोंडातून निघालं नाही ते आता लिहून पाठवतोय. पेपरच्या पुरवणीत छापून आल्यानं जाळलेला माणूस पुरला जात नाही, हे मला कळतं. पाठवण्याआधी बापूरावांना वाचून दाखवलं. त्यांनी मळलेली तंबाखू झटकून टाकली. मग म्हणाले, “छापा. पर त्या दिशी बोलायचं होतं, मास्तर. चार माणसांत तुमी हो म्हणला असता तर मला बी बोलायला जागा झाली असती. मी त्याचीच वाट बघायलो होतो.”

शोकसभेचा बॅनर मंडपवाल्यानं किसनच्या गल्लीतल्या खांबावर बांधला होता. त्यावर किसनचा फोटो लहान आहे, श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे मोठे. बॅनरची एक बाजू सुटून तारांवर पडली आहे. वारा सुटला की तारा एकमेकींना लागतात आणि गल्लीची लाइट जाते. नवीन वायरमनला तीनदा सांगून झालं. तो येतो, खाली उभा राहून वर बघतो आणि शिडी घेऊन येतो म्हणून निघून जातो.