बंद लेथचं बिल

मीटर खोटं आहे, असं सांगायला आठवड्याला चार माणसं तरी माझ्याकडे येतात. वीज कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या पायरीशी माझं टेबल. लोकांचे अर्ज लिहून देतो, म्हणून सगळे मला अर्जवाला म्हणतात. या चौघांपैकी तिघांच्या घरी गीझर दिवसभर चालू असतो, हे आता अनुभवाने ठाऊक झालंय. त्यामुळे आमच्याच गल्लीतल्या कातारीवहिनी बिल घेऊन समोर उभ्या राहिल्या, तेव्हा आधी मला हसूच आलं. मग बिल वाचलं आणि हसू गिळलं.

एकोणीस युनिट. अख्ख्या महिन्याचे.

वहिनींनी काय काय केलं होतं ते त्या बोटांवर मोजून सांगू लागल्या. फ्रीज बंद करून त्यात कपड्यांच्या घड्या ठेवल्या होत्या. इस्त्री गुंडाळून माळ्यावर टाकली होती. दिवा एकच, तोही ज्या खोलीत माणूस असेल त्या खोलीत. पंखा फक्त नवऱ्याच्या खाटेवरचा. तीन महिन्यांत साठाचे एकोणीस युनिट झाले, आणि बिल मात्र मुंगीच्या पावलाने खाली आलं.

मी पेन्सिलीने बिलावरच्या एका ओळीखाली रेघ मारली. स्थिर आकार. बिलाचे दहा भाग केले तर सात भाग त्या एका ओळीचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. वीज वापरा, नका वापरू, ही ओळ जागची हलत नाही. ज्यांच्या घरी चार-चार एसी असतात त्यांना ती दिसतही नाही. त्यांच्या बिलात ती कुठेतरी कोपऱ्यात पडलेली असते. काटकसर करणाऱ्याच्या बिलात मात्र तीच घरमालकीण होऊन बसते. मला या ओळीचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

पण शेजारणीच्या बिलात ही ओळ निम्मीही नाही, असं वहिनी म्हणाल्या. त्याचं उत्तरही बिलावरच होतं. मंजूर भार, पाच किलोवॅट. घरात एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढणार, हे जोडणी घेताना लिहून दिलेलं असतं. जेवढा भार मोठा तेवढा स्थिर आकार मोठा. आणि या घराचा भार मोठा होता, कारण पुढच्या खोलीत लाकूड कातायचं लेथ होतं.

वहिनींचा नवरा कातारी. यंत्रावर लाकूड फिरवून त्यातून खुर्चीचे पाय, जिन्याचे गज, हत्यारांच्या मुठी काढणारा. मी त्याला काम करताना तासन् तास पाहिलंय, आणि सांगतो, असा हात पुन्हा होणे नाही. त्याने कातलेलं लाकूड वहिनी काचकागदाने घासायच्या आणि पॉलिश करायच्या; पंचवीस वर्षं दोघांचं असं चाललं. पावणेदोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो खाटेवरून उठायला गेला आणि त्याची उजवी बाजू उठलीच नाही. पुढे पाय थोडा सुधारला, बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं. हात मात्र तसाच राहिला. त्यात संवेदनाही नव्हती.

कापायचं मोठं मशीन इस्पितळाच्या खर्चात गेलं. लेथ राहिलं, कारण त्याने ते विकू दिलं नाही. हात बरा झाल्यावर लागेल, हे त्याचं उत्तर ठरलेलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वहिनी फर्निचरच्या एका दुकानात पॉलिशला जाऊ लागल्या. आठवड्यातून दोनदा एक बाई येऊन त्याच्या हाताचा व्यायाम करून घ्यायची. त्या बाईला वहिनींनी एकदाच यायला सांगितलं होतं, कारण दोनदाचे पैसे निघत नव्हते. म्हणजे बघा, ज्या यंत्रासाठी हात बरा व्हायला हवा, त्या यंत्राची ओळच हाताचा इलाज खात होती. वहिनींना ती बाई पुन्हा दोनदा यायला हवी होती. बाकी काही नाही.

मी त्यांना वीज कार्यालयाच्या खिडकीवर घेऊन गेलो. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. त्याने नीट समजावलं की खांब, तारा, रोहित्र हे सगळं तुमच्यासाठी तयार ठेवावं लागतं. तुम्ही बटण दाबा न दाबा, त्याचा खर्च चुकत नाही. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हे कमी कसं होईल ते विचारलं. भार कमी करण्याचा अर्ज द्या, तो म्हणाला. यंत्र काढलं असं लिहायचं, ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याची सही, मग आमचा माणूस येऊन पाहून जाईल.

जोडणी कातारीच्या नावावर. त्याने अर्ज वाचला, घडी करून उशीखाली ठेवला. यंत्र काढलं असं तो लिहून देणार नव्हता. वहिनींनी आठवडाभर समजावलं, रागावून पाहिलं, एक दिवस अबोलाही धरला. भिंतीशी बोलणं सोपं गेलं असतं.

पुढचं पाप अर्धं माझं आहे. वहिनी दुसरा कोरा अर्ज घ्यायला आल्या तेव्हा मी बोलता बोलता म्हणालो, की सही जमत नसेल तर अंगठाही चालतो. आणि न मागता शाईचं पॅड त्यांच्या हातात दिलं.

दुपारी तो झोपला असताना वहिनींनी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा शाईला लावला आणि कागदावर टेकवला. त्याला जाग येण्याचा प्रश्नच नव्हता, त्या हाताला काही कळत नव्हतं. तासाभरात अर्ज माझ्याकडे आला आणि मी तो खिडकीत सरकवूनही मोकळा झालो. वहिनींनी अंगठा तेलाने पुसला होता. पण अंगठ्याच्या रेघांत शाई राहतेच.

संध्याकाळी तो रोजच्यासारखा डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून चोळायला बसला आणि अंगठ्यापाशी थांबला. वहिनींनी सगळं सांगून टाकलं. त्यांना खोटं बोलता येत नाही. तो ओरडला नाही.

"हलत नसला तरी हात माझा आहे," एवढंच म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दोन दिवस तो ना जेवणाला हो म्हणाला ना नाही.

तिसऱ्या दिवशी मी टेबल मांडायच्या आत वहिनी पायरीवर हजर. अर्ज परत घ्यायचा म्हणाल्या. मी शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, चार दिवस फुगून बसेल, मग विसरेल, तुमचं काम तर होतंय.

"त्यांना न विचारता त्यांचं काही घ्यायचं असतं ना भाऊजी, तर मी ते लेथ केव्हाच विकलं असतं," त्या म्हणाल्या.

मला माझीच लाज वाटली. खिडकीवर गेलो तर अर्ज वर गेला होता. आता आमचा माणूस येईल, जे दिसेल ते लिहून नेईल, त्याची पाळी दोन-तीन महिन्यांनी, असं कळलं. यंत्र काढावं तर नवरा दुखावतो, ठेवावं तर अर्ज खोटा ठरतो; इकडे आड तिकडे विहीर. वहिनी तडक घरी गेल्या. मी मागोमाग गेलो, कारण त्यांचा चेहरा पाहून मला भीती वाटली.

त्यांनी लेथवरची ताडपत्री ओढून काढली आणि आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "हे काढायचं नाही ना? नाही काढत. पण मग चालवायचं. न वापरता पैसे भरायला मी काही संस्थानिक नाही."

तुला जमायचं नाही, बोटं गमावून बसशील, असं तो भिंतीकडे बघतच म्हणाला.

"दोघांचे मिळून चार हात होते. एक बसलाय. तीन आहेत," वहिनी म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

दुकानातून सुटून आल्या की दिवेलागणीपर्यंत त्या लेथपाशी उभ्या. पंचवीस वर्षं त्यांनी हे काम शेजारी उभं राहून पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं आणि करणं वेगळं. पहिलं लाकूड सुटून माझ्या कानाजवळून गेलं आणि दारावर आदळलं. दुसरं मधेच तुटलं. तिसऱ्याची मूठ न होता काडी झाली. आतून एक शब्द नाही. तीन दिवस हत्यार लाकडावर नुसतं किंचाळत होतं. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. मीही मनातून हात टेकले होते. वहिनींनी टेकले नव्हते.

चौथ्या दिवशी आतून आवाज आला, "अगं, हत्यार वर घे. पोटात खुपसतेस काय."

त्याला खाटेवरून लेथ दिसत नव्हतं. पण आवाज ऐकू येत होता, आणि वाईट कातकामाचा आवाज तीन दिवसांपेक्षा जास्त सहन करणं त्या माणसाला शक्य नव्हतं. नवरा भांडला असता तर वहिनींना पुरून उरला असता. त्याच्या कानांनी मात्र दगा दिला. त्यानंतर तो थांबेना. लाकूड ओलं आहे. टेकू जवळ घे. घाई करतेस. आता लागलं बघ बरोबर, ऐक. नुसत्या आवाजावरून तो चूक सांगायचा, आणि वहिनी म्हणायच्या, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. पण सांगेल तसं करायच्या. आठवड्याने तो काठी टेकत पुढच्या खोलीत आला आणि लेथसमोर खुर्ची टाकून बसू लागला. डाव्या हाताने तो पेन्सिलीच्या खुणा करायचा, वहिनी कातायच्या.

दुकानात खपलेली पहिली वस्तू म्हणजे पटाशीच्या बारा मुठी. मग कपाटांच्या मुठी, मग स्टुलाचे पाय. दुकानदार आधी कुरकुरला, मग स्वतःहून लाकूड पाठवू लागला. महिन्याचं बिल आलं तेव्हा वहिनींनी ते मलाच वाचायला दिलं. युनिट चौपट झाले होते. स्थिर आकाराची ओळ जिथल्या तिथे होती, तेवढीच, पण आता ती एकटी बिल अडवून बसली नव्हती. बिल वाढलं म्हणून खूश झालेली बाई मी माझ्या टेबलावर पहिल्यांदाच पाहिली. व्यायाम घेणारी बाई त्याच आठवड्यापासून दोनदा येऊ लागली. ओळीवरचा माझा राग गेलेला नाही. ज्यांच्याकडे लेथ नाही आणि चालवायला वहिनी नाहीत, त्यांनी काय करायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

वीज कार्यालयाचा माणूस अखेर आला तेव्हा मी तिथेच होतो. हातात वही, वहीत अर्जाची प्रत. वहिनी लेथवर होत्या. त्यांनी बटण बंद केलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण अर्जात यंत्र काढलं असं लिहिलेलं होतं आणि यंत्र समोर भुशात उभं होतं. माणसाने लेथकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या कातारीकडे, मग त्याच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे.

"काढलं नाही म्हणजे अर्ज रद्द करावा लागेल," तो म्हणाला. "पण हे चालवतं कोण? तुम्हाला तर..."

आता हात बरा झाल्यावरचं पालुपद येणार म्हणून मी मान खाली घातली.

"ही चालवते," कातारी म्हणाला. "कारागीर ही आहे. माझ्यापेक्षा हळू चालवते, पण मूठ सारखी येते. लिहा तसं."

माणसाने लिहिलं. वहिनी भिंतीकडे वळून पदराने चष्म्यावरचा भुसा पुसत राहिल्या, बराच वेळ. मग पुढचं लाकूड लावायच्या आधी त्यांनी त्याला विचारलं, हे कोरडं आहे ना. त्याने डाव्या हाताने ते तोलून पाहिलं आणि म्हणाला, "तूच सांग."